शेवटची अर्धी गोळी

एस्सिटॅलोप्रॅम या नैराश्यावरच्या औषधाची १० मिलिग्रॅमची गोळी मी सलग चार वर्षे घेतली आणि त्या गोळीने मला सावरले, हे आधीच सांगते. कारण पुढचे वाचून कोणी आपल्या गोळ्या परस्पर बंद कराव्यात, असा माझा मुळीच हेतू नाही. मी सावरले, तेव्हा माझ्या मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितले की दोन आठवडे अर्धी घ्या आणि मग बंद करा. मी तसेच केले. बंद केल्याच्या चौथ्या दिवशी अलका चौकात सिग्नलला थांबले असताना सहज डावीकडे नजर वळवली आणि डोक्यातून करंट गेला. दुखले काहीच नाही; शिवणयंत्राचा एक टाका सुटावा, तसा एक क्षण मधूनच गळून गेला. आठवडाभरात हे दिवसातून वीस-पंचवीस वेळा होऊ लागले, रात्री घामाने उशी भिजू लागली, आणि एकदा मंडईत मटार निवडता निवडता मला जे रडू कोसळले, त्याचा ना मटाराशी संबंध होता ना माझ्या मनःस्थितीशी.

डॉक्टरांनी पाच मिनिटांत निकाल दिला: आजार उलटतोय, गोळी पुन्हा सुरू करा, आता दोन वर्षे तरी सोडायचे नाव नको. माझ्या नैराश्यात करंट कधीच नव्हते, तेव्हा अंग शिशासारखे जड व्हायचे आणि अन्नावरची वासना उडायची, हे मी सांगून पाहिले. "इंटरनेटवर फार वाचू नका," असे म्हणत त्यांनी केसपेपरवर 'रिलॅप्स' लिहिले. गोळी सुरू केली आणि दुसऱ्या दिवशी करंट थांबले. जे नैराश्य पहिल्या वेळी औषधाला दाद द्यायला पाच आठवडे लागले होते, ते या वेळी दीड दिवसात कसे निवळले, हा प्रश्न मला पडला. डॉक्टरांना मात्र त्यात आपल्याच निदानाचा पुरावा दिसला.

हा एका डॉक्टरांचा हट्ट असता तर मी लिहायला बसले नसते. नव्वदच्या दशकात या त्रासासाठी व्यसन सुटताना होणाऱ्या त्रासाची आठवण करून देणारा 'विथड्रॉवल' हा शब्द टाळून 'डिस्कंटिन्यूएशन सिंड्रोम' (औषध थांबवल्यावरची लक्षणे) हा सोज्वळ शब्द रूढ करण्यात आला, आणि १९९६ साली त्यावर तज्ज्ञांची जी बैठक भरली, तिला एलाय लिली या औषध कंपनीचे आर्थिक साहाय्य होते. (या कंपनीचे फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध शरीरातून फार सावकाश बाहेर पडते, त्यामुळे ते सोडताना त्रास तुलनेने कमी होतो, हा योगायोग ज्याने त्याने तपासावा.) ब्रिटनमध्ये उपचार कसे करावेत हे ठरवून देणाऱ्या 'नाइस' या संस्थेच्या २००९च्या मार्गदर्शक सूचना म्हणत होत्या की लक्षणे सहसा सौम्य असतात आणि आठवडाभरात ओसरतात. रुग्णांनी वर्षानुवर्षे आरडाओरड केल्यावर २०१९मध्ये तेथील रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्सने आणि पाठोपाठ 'नाइस'ने भूमिका बदलली. त्याच वर्षी अशा गोळ्या हळूहळू कशा सोडाव्यात, यावर मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांचा लेख आला. त्यांतले होरोविट्झ स्वतः अशी गोळी सोडताना भरडून निघालेले मानसोपचार क्षेत्रातले संशोधक डॉक्टर आहेत.

किती जणांना त्रास होतो, यावर अजून खडाजंगी चालू आहे. २०१९च्या एका आढाव्याने निम्म्याहून अधिक सांगितले. २०२४च्या दुसऱ्या आढाव्याने, औषध नसलेली, नुसती साखरेची गोळी सोडणाऱ्यांचाही त्रास वजा करून, सहा-सात जणांत एक असा हिशेब मांडला. त्यातले बरेच अभ्यास थोडे महिनेच औषध घेतलेल्यांचे आहेत, असा त्यावर आक्षेप आहे आणि मला तो रास्त वाटतो. पण सहा-सातांत एक म्हणजेही थोडे का?

पुढे मी कर्वेनगरच्या एका ज्येष्ठ डॉक्टरबाईंकडे गेले. "आमच्या शिक्षणात हे एका ओळीत उरकले होते," असे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले आणि प्रिस्क्रिप्शनच्या पाठकोऱ्या बाजूवर एक वक्ररेषा काढली. सिरोटोनिन हे रसायन परत शोषून घेणाऱ्या मेंदूतील यंत्रणेवर औषधाची जी पकड असते, ती मात्रेच्या सरळ प्रमाणात सुटत नाही. माझ्या गोळीच्या सख्ख्या बहिणीचे, सिटॅलोप्रॅमचे उदाहरण त्यांनी दिले: २० मिलिग्रॅमवरून ९वर आले तरी पकड ८० टक्क्यांवरून सुमारे ७०वरच येते, पण एका मिलिग्रॅमहूनही कमी मात्रा सुमारे २० टक्के पकड धरून ठेवते. म्हणजे पहिली अर्धी गोळी सोडणे ही जिन्याची एक पायरी होती आणि दुसरी अर्धी म्हणजे थेट गच्चीवरून उडी.

आता आम्ही महिन्याला थोडे थोडे उतरतो आहोत. दुकानात मला मिळणारी सर्वांत लहान गोळी ५ मिलिग्रॅमची. पातळ औषधाबद्दल विचारले तर मेडिकलवाले काका "मागवून बघतो, ताई" म्हणाले, ते अजून बघताहेत. मग गोळी कापायची डबी घेतली, गोळीचे चार भाग केले, त्या चतकोराचे आणखी तुकडे करताना निम्मा चुरा ओट्यावर सांडतो आणि तो मी बोटाने टिपून जिभेवर ठेवते. चार महिन्यांत करंट दोनदाच आले, दोन्ही वेळा मी घाई केली होती.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची आणि त्यांच्या ज्ञात दुष्परिणामांची माहिती मिळण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. तो आधार घेऊन मी पहिल्या डॉक्टरांकडे केसपेपरमध्ये दुरुस्ती मागितली. त्यांनी खाली 'रुग्णाच्या म्हणण्यानुसार' अशी एक ओळ वाढवली. 'रिलॅप्स' तसेच राहिले. परवा आरोग्यविम्याचा फॉर्म भरायला घेतला, तर त्यात प्रश्न होता: आजार पुन्हा उद्भवला होता का? ती चौकट अजून कोरी आहे.