गणपतीला गावी निघताना घर बंद करायचं, ते पाण्यापासून

गणपतीला गावी जायच्या आदल्या दिवशी आमच्या डोंबिवलीच्या घरात दोन पक्ष पडतात. एक कुलपांचा, दुसरा उरलेल्या सगळ्या घराचा. पहिला नवऱ्याकडे. दाराचं लॅच, वर कडी-कोयंडा, सेफ्टी डोअरचं वेगळं कुलूप, शिवाय वॉचमनला दिलेली समज. त्यात वावगं काहीच नाही. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, शेजाऱ्यांना सांगून जा, गावचे फोटो परत आल्यावर टाका, असं पोलीसही दरवर्षी सांगतातच. पण आमच्या बिल्डिंगमध्ये बंद घरांचं जे काही नुकसान आजवर पाहिलंय, ते सगळं पाण्याने केलेलं आहे.

आमचं गाव कुडाळजवळ. गणपती गावच्या घरी, गौरी-गणपती गेले तरी आम्ही अनंत चतुर्दशीपर्यंत मुक्कामाला. म्हणजे फ्लॅट ऐन भाद्रपदात बंद. मे महिन्यात घर बंद ठेवलं तर फार तर धूळ साचते. पावसाळ्यात मात्र पाणी नळातून येतं, भिंतीतून येतं, बाल्कनीतून येतं आणि हवेत तर असतंच.

मला याचा धडा वरच्या मजल्यामुळे मिळाला. ती मंडळी लग्नाला बाहेरगावी गेलेली आणि रात्री त्यांच्या बेसिनखालचा कनेक्शन पाइप फुटला. पाणी दाराखालून जिन्यात, जिन्यातून आमच्या दारात. किल्ली त्यांच्याबरोबर नाशिकला. शेवटी वॉचमनने गच्चीवरून आख्ख्या विंगचं पाणी बंद केलं आणि सकाळी सगळ्यांनी बादल्या घेऊन शेजारची विंग गाठली. दुरुस्तीला आलेल्या प्लंबरने मला शिकवलं ते असं: रात्री टाकी भरलेली असते आणि कोणी नळ सोडत नाही, त्यामुळे पाइपवर सगळा दाब रात्रीच येतो. कनेक्शन पाइप जुना असला की तो अशा वेळी दगा देतो. म्हणून घराचा मेन कॉक बंद करूनच निघायचं. तो जमत नसेल तर बेसिन, कमोड, गीझर आणि वॉशिंग मशीनचे अँगल कॉक (प्रत्येकाच्या पाइपवरचे छोटे कॉक) तरी एकेक करून बंद करायचे.

यात एक गोम आहे. अँगल कॉक वर्षभर कोणी हलवत नाही, तो क्षार बसून घट्ट होतो. निघायच्या संध्याकाळी त्याच्यावर पकड चालवली तर तिथूनच गळती सुरू. त्यामुळे आता मी हे काम आठवडाभर आधी करून बघते. एखादा कॉक रुसलाच तर प्लंबर बोलवायला वेळ मिळतो. गणपतीच्या तोंडावर प्लंबर मिळणं म्हणजे कोकणच्या गाडीत खिडकी मिळण्याइतकंच अवघड. (रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, पूर्वी 120 दिवस होते. तिकिटाचं टेन्शन तेवढंच राहिलं, फक्त पुढे सरकलं.)

मेन कॉक बंद केला की एक नळ सोडून पाइपातलं पाणी काढून टाकते आणि तो नळ आठवणीने पुन्हा बंद करते. गीझरचं बटण त्याआधीच बंद. फिल्टरची टाकी रिकामी, मशीनचं दार उघडं.

इथवर पाणी अडवायचं काम. पण घरात थोडं पाणी राखूनही ठेवावं लागतं, हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. बाथरूममधल्या जाळीखाली जो वाकडा भाग, म्हणजे ट्रॅप असतो, त्यात कायम पाणी असतं आणि तेच गटाराचा वास नि झुरळं अडवून धरतं. घर बंद राहिलं की ते हळूहळू आटतं. गावाहून परत आल्यावर दार उघडताच जो वास येतो, तो बऱ्याचदा 'बंद घराचा' नसून या आटलेल्या ट्रॅपचा असतो. म्हणून निघताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतायचं आणि वर चमचाभर तेल. तेलाचा तवंग आला की पाणी उडत नाही, डासही अंडी घालत नाहीत. जाळीवर मी पाणी भरून गच्च बांधलेली प्लास्टिकची पिशवी ठेवते. ती भोकांवर नीट बसते. कमोडचं झाकण बंद.

डासांचं प्रकरण वेगळं. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. आपण गावी आरत्या म्हणत असताना इथे त्याचं सगळं आटोपतं. महापालिकेचे लोक आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतात, ते उगाच नाही. बादल्या नुसत्या उपड्या घालून भागत नाही. हा डास पाण्याच्या कडेला भांड्यालाच अंडी चिकटवतो, ती कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून बादली काथ्याने घासून, पुसून पालथी. मनी प्लँटची बाटली रिकामी, कुंड्यांखालच्या ताटल्या उचललेल्या. आणि फ्रिजच्या मागचा ट्रे! एकदा लादी पुसताना मी फ्रिज पुढे ओढला, टॉर्च मारला, तर कॉम्प्रेसरवरच्या त्या ट्रेमध्ये बोटभर पाणी आणि त्यात अळ्या वळवळतायत. तेव्हापासून निघण्याआधी फ्रिज पुढे ओढला जातोच.

फ्रिज आम्ही बंदच करून जातो. त्यासाठी पंधरवडाभर आधीपासून संपवासंपवी चालते. रवा, मैदा, बेसन नव्याने आणायचंच नाही, उरलेल्या भाज्यांची मिसळभाजी, लोणी कढवून तूप, विरजण शेजारच्या काकूंकडे. फ्रिज आतून कोरडा पुसून दाराच्या फटीत गुंडाळलेला नॅपकिन अडकवते, नाहीतर आत बुरशी. ज्यांना चालू ठेवून जायचंय त्यांनी फ्रीझरमध्ये वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणं ठेवावं. परत आल्यावर नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं तर मधे वीज बराच वेळ नव्हती असं समजून आतलं अन्न टाकून द्यावं. कांदे-बटाटे मात्र कोणालातरी देऊन टाका. बंद घरात कुजलेल्या एका बटाट्याचा वास काय असतो, हे ज्याला माहीत आहे तो पुन्हा विचारणार नाही.

बाल्कनी सगळ्यात शेवटी, कारण ती साफ केली तरी दोन तासांत कबुतरं पुन्हा हजर. तिथलं पाणी जायचं भोक पिसं, काड्या आणि तुळशीच्या पाल्याने तुंबलं की एका जोरदार सरीत पाणी सरकत्या दाराच्या रुळावरून हॉलमध्ये येतं. मी हात घालून गाळ काढते, बादलीभर पाणी ओतून ते गुडगुडत खाली जातंय ना बघते. कुंड्या पावसात असतात, त्यांची चिंता नाही. तुळस तेवढी काकूंकडे जाते.

ओलाव्यापुढे मात्र मी अर्धी हार मानलेली आहे. पश्चिमेच्या भिंतीपासून पलंग नि कपाट वीतभर पुढे ओढायचं, दमट कपडा एकही आत ठेवायचा नाही, चामड्याचे पट्टे-चपला पुसून वर्तमानपत्रात गुंडाळायच्या. बाथरूमच्या काचेच्या पट्ट्या जाळी असल्याने किंचित उघड्या. यावर नवरा दरवर्षी हरकत घेतो. त्या फटीतून मांजरसुद्धा येणार नाही, असं मी दरवर्षी सांगते.

देवघराचं काम निघायच्या दिवशी. सासूबाई पूजा करतात, समई शांत करतात आणि देव तांदळाच्या डब्यात ठेवतात. पेटता दिवा मागे ठेवून कोणी घराबाहेर पडायचं नाही, हा त्यांचा दंडक. मग गॅस: आमच्याकडे पाइपचा आहे, व्हॉल्व्हचा दांडा पाइपला आडवा आला की बंद. मग मेन स्विच. कचरा खाली.

एक किल्ली काकूंकडे, सोबत मेन कॉक कुठे आहे ते प्रत्यक्ष दाखवलेलं. त्यांना माझी विनंती एकच: मोठा पाऊस झाला की बाल्कनीत एकदा डोकवा. पेपर आणि दूध मी आधीच बंद केलेलं असतं.

परत येतो तेव्हा क्रम उलटा. आधी खिडक्या, मग मेन कॉक, तोही हळूहळू, एकदम उघडला तर पाइपातली हवा दणके देते. सुरुवातीचं गढूळ पाणी बादलीत घेऊन कमोडमध्ये ओतायचं, फिल्टरची पहिली टाकी फेकायची. तोवर सासूबाईंची आंघोळ होते आणि देव डब्यातून बाहेर येतात. त्या तांदळाचा भात रात्री. बॅगा दुसऱ्या दिवशी उघडल्या तरी चालतात, फक्त खाजा असलेली पिशवी मुलं थांबू देत नाहीत.