पाहुण्यांसाठी शहर फिरण्याचा प्लॅन कसा केला – माझा अनुभव

मोठ्या शहरात राहायचं म्हटलं की पाहुणे येणारच, आणि तिकीट काढलं की त्यांचा फोनही येतोच, काय काय बघता येईल गं? यावेळी मामा-मामी आणि त्यांची कॉलेजला जाणारी मुलगी येणार होती. नेटवरची टॉप टेन यादी फॉरवर्ड करणं सोपं होतं, पण मी आधी तिघांना वेगवेगळा फोन केला आणि अख्ख्या प्लॅनमधलं सगळ्यात कामाचं तेच ठरलं. मामा चारचौघांत "तू नेशील तिकडे" एवढंच म्हणतात, एकटे असताना बोलले की त्यांना म्युझियम निवांत बघायचंय, कोणी घाई करायला नको. मामीचे गुडघे दुखतात, जिने नकोत, पण पाण्याजवळ कुठेतरी बसायचंय. मुलीला उंचावरून फोटो हवे होते.

मग सगळी ठिकाणं गुगल मॅपवर सेव्ह केली आणि झूम आउट करून बघितलं, कुठली कुठली जवळजवळ आहेत ते लगेच दिसतं. एका दिवशी शहराचा एकच भाग, सकाळी एक मोठं ठिकाण, दुपारी जमलं तर एखादं छोटं, बास. दोन टोकांची ठिकाणं एका दिवसात कोंबली की अर्धा दिवस ट्रॅफिकमध्येच जातो आणि पाहुण्यांना खिडकीबाहेरचे सिग्नलच लक्षात राहतात.

यानंतर सुट्टीचा वार, आणि हे मी कळकळीने सांगते कारण इथे भलेभले अडकतात. ताजमहाल शुक्रवारी बंद, पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद आणि त्याच पॅरिसमधलं ओर्से म्युझियम सोमवारी, म्हणजे एका शहरातसुद्धा एक नियम नाही. व्हॅटिकनची म्युझियम्स एरवी रविवारी बंद असतात, महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडतात आणि तेव्हा प्रवेश फुकट, म्हणजे गर्दी किती असेल बघा. काही ठिकाणी तर तिकीट खिडकीवर मिळतच नाही, ॲमस्टरडॅमच्या ॲन फ्रँक हाऊसची तिकिटं फक्त ऑनलाइन असतात. त्यामुळे वार, वेळ, स्लॉट सगळं मी त्या त्या ठिकाणाच्या ऑफिशियल साइटवरच बघितलं, आणि प्रार्थनास्थळ असेल तिथे कपड्यांचे नियमसुद्धा.

उंचावर जायचं तर शहरातल्या सगळ्यात फेमस इमारतीवरच चढावं असं काही नाही, कारण तिच्यावर उभं राहिलं की नेमकी तीच फोटोत येत नाही 🙂 न्यूयॉर्कमध्ये रॉकफेलर सेंटरच्या गच्चीवरून एम्पायर स्टेट समोर दिसते, तसं काही आपल्याकडे आहे का ते शोधलं, मिळालं. स्लॉट सूर्यास्ताच्या तासभर आधीचा घेतला, म्हणजे उजेडातलं शहरही दिसतं आणि दिवे लागलेलंही, एकाच तिकिटात.

मामीसाठी टुरिस्ट क्रूझ न घेता रोज ये-जा करणाऱ्या लोकांची बोट निवडली. न्यूयॉर्कची स्टेटन आयलंड फेरी तशीच आहे, साधारण 25 मिनिटांची, फुकट, आणि जाताना स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दिसतो. मामीला बसायला जागा मिळाली, वारं मिळालं, चालावं काहीच लागलं नाही. मामा त्या वेळात म्युझियममध्ये एकटे, तेही खूश. सगळ्यांनी सगळीकडे एकत्रच फिरायला हवं हा हट्ट मला तरी पटत नाही.

शेवटची दुपार मुद्दाम मोकळी ठेवली होती, आणि बरं झालं, आदल्या दिवशीच्या पावसाने राहिलेली बाग तेव्हा बघून झाली.

आता मैत्रीण येतेय लहान बाळाला घेऊन. तिला आधी विचारायचंय की बाबागाडी आणणार का, कारण मेट्रोच्या सगळ्याच स्टेशनांवर लिफ्ट असते असं नाही, लंडनच्या अंडरग्राउंडमध्येसुद्धा बऱ्याच ठिकाणी अजून जिनेच चढावे लागतात, मग तसा रूट काढायला घेईन.