आजीची ‘पवित्र’ पट्टी : अक्षरे अखेर बसली

आजीच्या क्रोशाच्या पट्टीसारखीच पट्टी विणताना माझी अक्षरे उंच, किडकिडीत येत होती आणि गेल्या नोंदीत काम तिथेच अडले होते; त्यांचा उलगडा रविवारी उपासनेहून परतल्यावर झाला. नगरच्या आमच्या मंडळीतील (चर्चमधील) प्रभुभोजनाच्या मेजासाठी आजीने विणलेल्या पट्टीत बायबलच्या यशया 6:3 मधील ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ हे शब्द जाळीच्या भरीव आणि मोकळ्या घरांतून (चौकटींतून) उमटलेले आहेत. मी 20 नंबरच्या दोऱ्याने, दोन मीटर लांबीसाठी पायाला 1,201 साखळ्या (साखळी-टाके) घालून विणत होते. पण माझी दहा घरे रुंदीला 5 सेंटिमीटर आणि दहा ओळी उंचीला 5.8 सेंटिमीटर भरत असल्याने ‘प’ ताणला जाई आणि शिरोरेषेची भरीव ओळ आखडे. दोन खांबांमध्ये (घराच्या बाजूंच्या उंच टाक्यांमध्ये) दोनाऐवजी तीन साखळ्या घेतल्या, तर जाळीच भोंगळ झाली.

उत्तर आजीच्या वहीतच होते. पुढच्या पानांवर रेव्ह. नारायण वामन टिळकांची भजने, मागच्या पानांवर घरांची मोजणी. आणि शब्द चालू आहे तोवर प्रत्येक ओळीत ‘24 भ.’ अशी खूण, जी दोन शब्दांच्या मध्ये तेवढी नाहीशी होते. चोविसावे भरीव घर म्हणजे शिरोरेषा! पट्टी खिडकीशी धरली, तेव्हा सगळे खांब मेजाच्या कडेला समांतर, आडवे दिसले. आजीने अवघ्या 31 घरांच्या, म्हणजे 94 साखळ्यांच्या, आखूड ओळी घेत पट्टी बाजूने विणली होती; त्यामुळे उंच घर आडवे होते, अक्षर ऐसपैस बसते आणि वेलांटीला वर सात घरे मोकळी राहतात. काल ‘त्र’ची तिरकी रेघ पायरीपायरीने उतरली, तेव्हा सुई खाली ठेवून मी कितीतरी वेळ नुसती पाहत बसले.

दोऱ्याविषयी एक सांगते : दुकानदाराने एकाच क्रमांकाच्या लडी दोन छटांत पाठवल्या; म्हणून पूर्ण कामाचा दोरा एकाच लॉटचा (एकाच वेळी रंगवलेला), एकदमच घ्यावा.

मोजणीच्या समासात आजीने त्या त्या दिवशीच्या प्रार्थनेचा विषयही लिहिला आहे : ‘थोरल्याची परीक्षा’, ‘शेजारीण बाळंत’, ‘पाऊस’. पट्टी पुनरुत्थानदिनापर्यंत (ईस्टरपर्यंत) एकटीने पुरी करायची, असे मी ठरवले होते. परंतु हे लिहिताना सुचले, की ओळी आखूड असल्याने तिन्ही शब्द वेगवेगळे विणून जोडता येतील. दुसरा शब्द मी आत्तेबहिणीकडे सोपवते आहे. तिला मोजणीबरोबर समासही उतरवून पाठवीन, आणि तिचा दहा घरांचा नमुना आला की दोघींची घरे एकाच मापाची येतात का, ते माझ्या नमुन्याशी ताडून पाहीन.