साडेसहा मीटर खाली

घड्याळ भिंतीवर टांगलंय. काच नाही, प्लॅस्टिक वितळून खाली ओघळलंय. काटे मात्र अजून ओळखू येतात. बारा वाजून पाच मिनिटं. तारीख ५ नोव्हेंबर २०१०, मध्यरात्र नुकती उलटलेली. रात्री खोलीवर येऊन मी जुनं कॅलेंडर शोधलं. त्या दिवशी आपल्याकडे लक्ष्मीपूजन होतं.

हे घर जावा बेटावर, मेरापी ज्वालामुखीच्या दक्षिण उतारावर आहे. घरमालकांनी त्या रात्रीच्या उद्रेकात जळालेलं सामान जागच्या जागी ठेवून त्याचं संग्रहालय केलंय, नाव ‘सिसा हार्ताकू’, म्हणजे माझ्या चीजवस्तूंतलं उरलंसुरलं. वितळलेले पेले, मोटारसायकलचा सांगाडा, गुरांची हाडं. गुरांपाशी मला थांबवेना. दावणीला बांधलेलं जनावर कुठे जाणार?

योग्यकार्ता शहरापासून मेरापी जेमतेम तीस किलोमीटर. नावातल्या ‘आपी’चा अर्थ आग. इंडोनेशियात सव्वाशेच्या वर जागृत ज्वालामुखी आहेत. १८१५ चा तांबोरा, १८८३ चा क्राकाताऊ ही नावं आपण शाळेत ऐकलेली असतात. क्राकाताऊच्या वेळी ३६ हजारांहून जास्त माणसं गेली, त्यातली बहुतेक त्सुनामीच्या लाटांनी. पण मला ओढ होती मेरापीची, कारण तो एकदा फुटून गप्प बसणाऱ्यांतला नाही. दर काही वर्षांनी तो जागा होतोच आणि लोक त्याच्या अंगाखांद्यावर राहतातच.

जीपचे चालक साठीचे होते, मी त्यांना तिथल्या रीतीप्रमाणे ‘पाक’ म्हणत होतो. गेंडोल नदीच्या पात्रात त्यांनी गाडी थांबवली. पात्र कसलं, राखाडी वाळूचा दरा. ट्रकच्या रांगा वाळू भरत होत्या. शिखराकडे बोट दाखवून पाक म्हणाले, “वेदुस गेम्बेल इथूनच आली.” वेदुस गेम्बेल म्हणजे लोकरीच्या जटा झालेली मेंढी. तापलेला वायू, राख आणि दगड यांचा लोट डोंगरावरून गडगडत येतो, तेव्हा तो लांबून तसाच दिसतो. वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर, उष्णता शेकडो अंशांची. इतक्या जीवघेण्या गोष्टीला गोठ्यातलं नाव!

आपल्या सह्याद्रीचा लाव्हा पातळ होता. तो दूरवर पसरत गेला, थरावर थर बसले, म्हणून आपली पठारं सपाट. मेरापीचा लाव्हा चिकट. तो वाहण्याऐवजी शिखरावरच घुमटासारखा साचतो आणि भार सहन झाला नाही की कोसळतो, आणि वेदुस गेम्बेल सुटते. १९३० मध्ये अशा लोटांनी तेराशेहून जास्त माणसं मारली. २०१० चा उद्रेक मात्र नेहमीसारखा नव्हता, डोंगर स्फोटानेच फुटला. शास्त्रज्ञांनी धोक्याची हद्द वाढवत वाढवत २० किलोमीटरपर्यंत नेली आणि लाखो लोकांना हलवलं. तरीही साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली.

त्यांत म्बाह मारिजान होते, मेरापीचे ‘जुरु कुंची’. कुंची म्हणजे किल्ली, आपली कुंजीच. योग्यकार्ताच्या सुलतानांनी त्यांना डोंगराची राखण सोपवली होती. २००६ च्या उद्रेकात ते गाव सोडून गेले नाहीत आणि वाचले. २०१० चा उद्रेक सुरू झाला त्या दिवशी, २६ ऑक्टोबरलाही गेले नाहीत. सापडले तेव्हा देह साष्टांग प्रणामाच्या अवस्थेत होता. त्यांना अडाणी म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. सोपवलेली राखण माणूस कशी सोडेल? पण त्यांच्याकडे बघून मागे राहिलेल्यांचं काय, हा प्रश्न तिथे उभं राहिल्यावर सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी सांबिसारीला गेलो. नवव्या शतकातलं शिवमंदिर. १९६६ मध्ये एका शेतकऱ्याची कुदळ शेतात कोरीव दगडाला लागली, तेव्हा ते सापडलं. मेरापीने वेळोवेळी टाकलेल्या थरांखाली ते साडेसहा मीटर गाडलं गेलं होतं. आज प्रचंड चौकोनी खड्ड्याच्या तळाशी ते उभं आहे, आजूबाजूचं शेत त्याच्या डोक्याच्या पातळीला. पायऱ्या उतरताना डाव्या हाताला मातीची उंची वाढत जाते. कोनाड्यांत दुर्गा, गणपती, अगस्ती. गाभाऱ्यात काळं कुळकुळीत लिंग. चपला काढून आत गेलो, हात आपसूक जोडले गेले. दगड गार होता.

पुन्हा वर आलो तर चहूकडे हिरवं. याच राखेवर भात पिकतो, खवल्यांच्या सालीचं सालाक फळ पिकतं. मेरापी ढगात होता. कुंपणापलीकडे एक म्हातारा बांध नीट करत होता. कुदळ मातीत रुतल्याचा मऊ आवाज येत होता. तो बदलतो का, हे ऐकत मी बराच वेळ उभा राहिलो.