काळा पट्टा, पांढरा कुर्ता

यंदा गुढीपाडव्याच्या संध्याकाळी आमच्या घरी अकरा पांढरे कुर्ते आले. सगळे कमरेपाशी जांभळट निळे. एकाचा डाग तर झिरपत पायजम्यापर्यंत पोचलेला. कुर्ते लेकीच्या ढोलपथकातल्या मुलामुलींचे, आणि त्यांवर बांधलेले चामड्याचे पट्टे मी केलेले.

"काकू, टेन्शन नका घेऊ, धुतला की जाईल," त्यातला एक म्हणाला.

जाणार नव्हता. ते मला त्याच्यापेक्षा नीट कळत होतं आणि खरी लाज तिथेच होती. रबाळ्याच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत मी 22 वर्षं प्रयोगशाळेत होते. 2004 साली ठाणे-वाशी लोकल सुरू होईपर्यंत कंपनीच्या बसनं, नंतर लोकलनं. काम एकच. दुसऱ्यांनी बनवलेला रंग कापडावर टिकतो का ते बघायचं, नाही टिकला तर नापास करायचा. प्रॉडक्शनवाले मला जिन्यात बघून वाट बदलायचे. आणि ती बाई निवृत्त झाल्यावर चामड्याचे पट्टे करते आणि रंगाची चाचणी न घेता अकरा जणांच्या कमरेला बांधते.

पट्ट्याचं आधी सांगते. ढोल कमरेला दोरीनं आवळून बांधतात. तीन-चार तास वाजवलं की दोरी काचते, कातडी सोलवटते. म्हणून दोरीच्या आत घालायला चार इंच रुंद, साडेतीन मिलिमीटर जाड पट्टा, आणि त्याच्या उजव्या बाजूला टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, खोचायला एक घर. लेक त्याला होल्स्टर म्हणते. सरावाच्या मधल्या सुट्टीत टिपरं हरवतात, दुसऱ्याचंच उचललं जातं, त्यावरून भांडणं होतात, म्हणून ही सोय.

चामडं धारावीतून आणते. म्हशीचं, पाठीच्या भागाचं, कारण पोटाकडचं कातडं ताणून सैल होतं. आणि व्हेज टॅनच, म्हणजे झाडांच्या सालींनी कमावलेलं. शेजारच्या वहिनींनी विचारलं होतं, "व्हेज? म्हणजे शाकाहारी?" हसू नका, दुकानात पहिल्यांदा तो शब्द ऐकला तेव्हा मीही क्षणभर थबकले होते. क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं कातडं स्वस्त आणि मऊ असतं. ते कापलं की कडेला बरेचदा निळसर करडी रेघ दिसते. ते मी पट्ट्याला घेत नाही. त्याला आकार धरवत नाही, आणि काळ्याची जी गोष्ट पुढे सांगणार आहे ती त्याच्यावर चालतच नाही.

पाडव्याचे पट्टे स्पिरिटमधल्या काळ्या रंगानं रंगवले होते. बाटली उघडायची, लोकरीच्या बोळ्यानं गोल गोल फिरवायचं, दहा मिनिटांत काळंभोर. इतकं सोपं असतं तिथे शंका यायला हवी होती. चामडं सगळा रंग पीत नाही. जास्तीचा रंग स्पिरिट उडून गेल्यावर पृष्ठभागावर भुकटीसारखा बसतो. उजेडात तिरका धरला की तांबूस निळी झळाळी मारतो, मोरपिसासारखी. मला ती झळाळी आवडली होती! खरं तर ती धोक्याची खूण. फडक्यानं घासून घासून, फडकं कोरं निघेपर्यंत तो काढायचा असतो. मी दोनदा पुसलं आणि वर मेण फिरवून मोकळी झाले. त्यात पाडव्याचं ऊन, ठाण्याच्या कौपीनेश्वराच्या देवळापासून निघालेली स्वागतयात्रा आणि अकरा पोरांचा घाम.

दुसऱ्या दिवशी मी कपाटातून जुनी वही काढली. कंपनीत घासून रंग उतरतो का बघायला क्रॉकमीटर नावाचं यंत्र होतं. एक दांडा, त्याच्या टोकाला पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा, नमुन्यावर ठरलेल्या दाबानं दहा वेळा पुढे-मागे. एकदा कोरडा, एकदा ओला. मग तुकड्यावर किती डाग आला ते करड्या पट्टीशी ताडून 1 ते 5 गुण द्यायचे. 5 म्हणजे डागच नाही, 1 म्हणजे विचारू नका. घरी यंत्र नाही, पण तर्जनी आहे आणि जुन्या चादरीचे तुकडे आहेत. उरलेल्या पट्ट्यावर दहा घासे मारले. कोरडं 3. ओलं 1. वहीत तारीख टाकून तो तुकडा चिकटवला. अजून आहे.

रंगांचं मला कळतं, पण ते सुती कापडावरच्या रंगांचं. तिथे रिअॅक्टिव्ह रंग धाग्याशी रासायनिक गाठ मारतो. स्पिरिटचा रंग चामड्याच्या तंतूंमध्ये नुसता दडून बसतो. ओल आली की बाहेर डोकावतो. त्यावर अॅक्रिलिकचा थर देऊन त्याला कोंडता येतं, पुष्कळ लोक तेच करतात आणि कपाटातल्या पट्ट्याला ते पुरतं. पण ढोलाखाली चार तास वाकणाऱ्या पट्ट्यावर थराला बारीक चिरा पडतात. मला असा काळा हवा होता जो उतरूच शकणार नाही.

तो सापडला स्टेशनजवळ बसणाऱ्या चांभारकाकांकडे. मूळचे कोल्हापूरकडचे. त्यांच्याकडे मी रापी, म्हणजे चामडं कापायचं हत्यार, धरायला शिकले, आणि दोन सुयांची शिलाईसुद्धा. आरी धरताना माझा अंगठा चुकतो हे ते अजून दर वेळी सांगतात. कुर्त्यांची हकीकत ऐकून ते पोटभर हसले, आणि मग सहज म्हणाले, "ताई, ल्हानपणी मी सालीच्या पाण्यात लोखंडाची बादली बुडिवली हुती. आज्यानं असा हाणलाय म्हणता! सगळं कातडं काळं डाग. घासून घासून हात सोलला, पर डाग काय जाईना."

घासून जाईना. मी तिथल्या तिथे त्यांना चहा पाजला.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. तुम्हालाही माहीत आहे. मेंदी आणि आवळकाठी रात्री लोखंडी कढईत भिजवतो ती कशाला? बाभळीच्या सालीत, हिरड्यात, आवळ्यात, चहात टॅनिन असतं. लोखंडाशी गाठ पडली की त्याचा निळा-काळा, पाण्यात न विरघळणारा रंग होतो. युरोपात मायफळ (त्यात टॅनिन) आणि हिराकस (हा लोखंडाचा क्षार) घालून शतकानुशतकं शाई केली ती हीच. राजस्थानात बगरूचे छपाईवाले गुळाच्या पाण्यात लोखंड आंबवून काळा काढतात तोही हाच. व्हेज टॅन चामड्यात टॅनिन ठासून भरलेलंच असतं. म्हणजे रंगाचा अर्धा भाग आत आधीच बसलेला, आपण फक्त लोखंड पोचवायचं. रंग वरून लागत नाही, आत तयार होतो.

कृती कागदावर दोन ओळींची: पांढरं व्हिनेगर आणि लोखंड, दोनतीन आठवडे. माझा पहिला प्रयत्न भांडी घासायच्या तारेच्या घासणीचा. आठ दिवस झाले, घासणी बरणीत लखलखीत. लेक म्हणाली, "आई, ती स्टेनलेस आहे ना?" प्रयोगशाळेत 22 वर्षं, हे परत सांगायला नको. मग वागळे इस्टेटमधल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमधून लेथवर निघणारा लोखंडाचा कीस आणला. त्याला तेल असतं, ते कपड्याच्या पावडरीनं दोनदा धुतलं. बरणी भरली आणि सवयीनं झाकण लोणच्यासारखं घट्ट लावलं. आम्लात लोखंड विरघळताना हायड्रोजन सुटतो हे आठवीतलं पोर सांगेल. तिसऱ्या दिवशी दुपारी गॅलरीत फट्ट असा आवाज, झाकण तुळशीत, आणि भिंतीवर गंजाची नक्षी. ह्यांनी पेपरामागून विचारलं, "हे शाकाहारी आहे का?" तेव्हापासून बरणीच्या तोंडाला फडकं बांधते, आणि बरणी गॅसच्या शेगडीपासून लांब ठेवते.

तीन आठवड्यांनी पाणी गाळलं. फिकट हिरवट-तपकिरी, बघून कुणाला वाटणार नाही की यात काळा आहे. पट्टा आधी ओल्या फडक्यानं सारखा दमट करून घेतला, म्हणजे पाणी एकाच जागी शोषलं जात नाही. मग ब्रश. पहिल्या हाताला मळकट राखाडी. मग बघता बघता पाटीचा रंग. मिनिटाभरात पट्टा गॅलरीतल्या उजेडात माझ्यासमोर काळा होत गेला, हवा लागेल तसा अजून गडद. फक्त एका टोकाला एक बदामी ठसा तसाच राहिला, अंगठ्याएवढा. रेषासुद्धा मोजता आल्या असत्या. सकाळी लेकीच्या डोक्याला तेल लावलं होतं, हात धुतले होते, तरी. खोबरेल जिथे लागलं तिथे पाणी आत गेलंच नाही. तो पट्टा मी स्वतःसाठी ठेवलाय. आता चामड्याला हात लावायच्या आधी भांड्याच्या साबणानं हात धुते, आणि कामाच्या टेबलावर लोखंडाचा कण राहू देत नाही. रंग न दिलेल्या ओल्या चामड्यावर रापीची धूळ पडली तरी काळे ठिपके येतात, ते जात नाहीत.

यानंतरची पायरी मी एकदा टाळली आणि ह्यांच्या कात्रीचा जीव घेतला. पाण्यात आम्ल असतं, म्हणून काळं झाल्यावर पट्टा खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायचा. फसफस थांबली की साध्या पाण्यानं. ह्यांच्या कुंड्या छाटायच्या कात्रीला मी हौसेनं घर केलं होतं. ओलं चामडं कात्रीभोवती बोटांनी दाबून दाबून आकार घेतलेला (मध्ये प्लास्टिक गुंडाळायचं, एवढं सुचलं होतं), वाळल्यावर कात्री टक् करून बसत होती. सोडा राहिला. पंधरा दिवसांत पातं गंजलं. तसं व्हेज टॅन चामडं मुळातच थोडं आम्लधर्मी असतं आणि दमट हवेत ओल धरतं. पिस्तूल होल्स्टरमध्ये घालून कपाटात ठेवू नये म्हणतात ते यासाठीच. होल्स्टर अंगावर बाळगायला असतं, साठवायला नाही. आमची कात्री आता खिळ्याला टांगलेली असते आणि घर रिकामं. छान दिसतं.

लोखंडानं चामडं कोरडं पडतं, म्हणून तेल लगेच, अर्धवट दमट असतानाच. थोडं, पातळ, दोन्हीकडून. पट्ट्याला चालतं, पण टिपरूच्या घराला हात आखडता, कारण जास्त तेलानं आकार ढिला होतो. मग एक रात्र थांबून मधमाशीचं मेण, हेअर ड्रायरच्या गरम हवेखाली.

कडांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. एकशेवीस, मग चारशेचा पॉलिश पेपर, मग डिंक कतीरा. हो, तोच, उन्हाळ्यात सरबतात घालतात तो. रात्रभर भिजवला की थुलथुलीत होतो. तो कडेला लावून लाकडाच्या गोल खाचेनं जोरात घासायचं. घर्षणाच्या उष्णतेनं तंतू दबून एकमेकांना चिकटतात. दोन थर शिवलेत हे विसरायला होतं, कड एकाच काचेच्या कांडीसारखी दिसते. एका पट्ट्याच्या कडेला माझा दीड तास जातो. पथकातल्या एकाही पोरानं आजवर कड बघितलेली नाही.

आतली बाजू मात्र डोकेदुखी झाली. वाटलं, आत रंगच नको, कुर्त्याला लागायची भीती नाही. पण ओल्या व्हेज टॅनमधून टॅनिनचं पाणी सुटतं आणि पांढऱ्या सुतावर चहाचा डाग पडतो तसा डाग पडतो. ओल्या घाशात 2. म्हणून आतून अॅक्रिलिक, निम्मं पाणी घालून, पातळ दोन हात. बकलं लोखंडी होती ती काढून पितळी लावली, नाहीतर घामात त्यांच्याभोवती आपोआप काळं वर्तुळ तयार होतंच. पितळेला तेलाशी राहून हिरवट चिकटा येतो, पण तो फडक्यानं निघतो.

मग जून. ठाण्याच्या पावसात चामडं ठेवणं म्हणजे पापड वाळवण्यासारखंच. सगळे पट्टे प्लास्टिकच्या पिशवीत नीट बांधून ठेवले, आणि जुलैत उघडले तर पांढरी, लुसलुशीत बुरशी. पिशवीत वारा नाही, आत ओल कोंडलेली. गॅलरीत पुसून काढले, पंख्याखाली दोन दिवस टांगले, आता जुन्या उशीच्या अभ्र्यांत असतात, कपाटाची दारं उघडी ठेवून. पाहुणे आले की लेक दारं लावते.

गणपतीच्या आठ दिवस आधी शेवटचा पट्टा घासून बघितला. कोरडं 5, ओलं 4 आणि 5 च्या मध्ये. मी तुकडा खिडकीशी नेला, चष्मा बदलला, परत बघितला. कंपनीत असते तर सही केली असती.

विसर्जनाच्या रात्री मी तलावपाळीला बघायला गेलेच नाही, हिंमत झाली नाही. पाऊस सणकून होता. साडेबाराला लेक दारात, चिंब, हाताची बोटं सुजलेली, आणि पांढऱ्या कुर्त्यावर कमरेपासून पाठीपर्यंत मोठाच्या मोठा डाग. माझ्या पोटात गोळा. तिला दिव्याखाली उभी केली, चादरीचा तुकडा ओला करून डागावर घासला.

गुलाबी.

"आई, गुलाल आहे तो," लेक म्हणाली. "सोड ना आता."

ओलं, 1. वहीत तोही चिकटवलाय.