क्यूएनएचसाठी घालवलेली वीस मिनिटं

क्यूएनएच म्हणजे समुद्रसपाटीला धरून काढलेला हवेचा दाब; तो आकडा लावला की अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं यंत्र, समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतं. नियंत्रण टॉवर असलेल्या विमानतळावर तो मिळायला काही अडत नाही. एटिस, म्हणजे रेडिओवर सतत वाजणारी विमानतळाची ध्वनिमुद्रित माहिती, ऐका, आकडा लिहून घ्या, अल्टिमीटरला लावा. माझी पहिली एकट्याची क्रॉस-कंट्री, म्हणजे लांब पल्ल्याचं उड्डाण, मात्र टॉवर नसलेल्या धावपट्टीवरून होती. तिथे घुंडी फिरवून काटे धावपट्टीच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवर आणले, अल्टिमीटरच्या दाबाच्या खिडकीत १०१६ दिसलं आणि निघालो.

चाळीस मिनिटांनी वाऱ्याची दिशा पालटली आणि ढगांचा थर खाली येऊ लागला. दाब उतरत असणार, म्हणून जमिनीवरच्या माहिती सेवेच्या फ्रिक्वेन्सीवर नवा क्यूएनएच मागितला. उत्तर नाही. दोन मिनिटांनी परत विचारलं, मग परत. इतर वैमानिक माहिती सेवेतल्या त्याच माणसाशी बोलताना स्पष्ट ऐकू येत होते आणि मी एकटाच बेदखल! वीस मिनिटं मी त्या न दिसणाऱ्या माणसावर चिडत राहिलो. तो राग आजही आठवतो, कारण तो चुकीच्या जागी होता. मला वैमानिक ऐकू येत होते, पण जमिनीवरून त्यांना मिळणारं एकही उत्तर येत नव्हतं. तेव्हाच कळायला हवं होतं. विमानाचा रेडिओ व्हीएचएफ लहरींवर चालतो, आणि व्हीएचएफ सरळ रेषेत जातं. मी ढगांखाली दीड हजार फुटांवर होतो आणि मध्ये डोंगररांग होती. वर चढावं तर ढगात शिरणार, आणि व्हीएफआरमध्ये, म्हणजे बाहेर नजर ठेवून उडण्याच्या नियमांत, ते चालत नाही.

शेवटी वरून जाणाऱ्या एका विमानालाच विनंती केली. त्या वैमानिकाने विचारून सांगितलं: १००९. मी आकडा परत वाचून दाखवला. हे कधीही टाळू नका, खरखरीत ९ आणि ५ सहज एकमेकांसारखे वाटतात.

घुंडी १००९ वर आणली आणि काटा खाली सरकला. समुद्रसपाटीजवळ दाबाचा एक हेक्टोपास्कल म्हणजे उंचीचे साधारण २७ फूट, म्हणजे सातांचे जवळपास १९०. दीड हजार समजून मी तेराशेवर उडत होतो, डोंगराच्या दिशेने.

आता निघण्यापूर्वीच वाटेतल्या प्रत्येक विमानतळाची एटिस फ्रिक्वेन्सी गुडघ्यावरच्या पाटीवर लिहितो. एटिस फक्त ऐकायचं असतं, कोणाच्या उत्तराची वाट पाहावी लागत नाही. हो, आणि मेटार, म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल, वाचताना वेळही बघा. तीन तासांपूर्वीचा क्यूएनएच बदलत्या हवेत भरवशाचा नाही. त्या दिवशी माझ्याकडचा तर तासाभरातच जुना झाला होता.