प्रीएक्लॅम्पसिया, मॅगसल्फ आणि गुडघ्यावरची हातोडी : माझा अनुभव

डोहाळजेवणाला हिरव्या बांगड्या हातात चढेनात, तेव्हाच ओळखायला हवं होतं. सगळ्या म्हणाल्या अगं आठव्यात सूज येतेच, आणि जिथे मी दाखवत होते तिथेही तेच सांगितलं, बीपी न बघताच, त्याचा राग मला अजून आहे. चार दिवसांनी डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे, मग नवऱ्याने सरळ नागपूरला आणलं. 33 वा आठवडा, बीपी 170/112, लघवीत प्रोटीन. म्हणजे प्रीएक्लॅम्पसिया, गरोदरपणात बीपी वाढण्याचा गंभीर आजार.

आधी बीपी उतरवायला निफेडिपिनची गोळी दिली आणि दर तासाला पट्टा बांधून बीपी बघायचे. मी म्हटलं एवढं सिरीयस आहे तर नुसती गोळी कशी? तर डॉक्टर मॅडम म्हणाल्या, याची ट्रायल म्हणजे औषधाची चाचणी इथेच झालीय, नागपूरच्या दोन सरकारी दवाखान्यांत, 894 गरोदर बायकांवर, निफेडिपिन, लॅबेटॅलॉल आणि मिथाइलडोपा, तिन्ही तोंडाने घ्यायच्या गोळ्या, 2019 ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं, तिन्हींनी बहुतेकींचं बीपी सहा तासांत आटोक्यात आलं, निफेडिपिनने तर 84 टक्के जणींचं. म्हणजे माझ्यासारख्याच बायकांनी, अशाच दुखत्या डोक्याने सही केली होती. ते ऐकून मला रडूच आलं.

मग मॅगसल्फ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, झटके येऊ नयेत म्हणून. शिरेतून जाताना जिभेपासून तळपायापर्यंत भट्टी पेटल्यासारखं झालं, वर दोन्ही कुल्ह्यांत एकेक इंजेक्शन, कूस बदलता येईना. पुढचा डोस द्यायच्या आधी सिस्टर छोट्या हातोडीने गुडघ्यावर टकटक करायच्या, पाय उडाला तर ठीक, नाही उडाला तर औषध अंगात जास्त झालं, डोस थांबवायचा. श्वास मोजायच्या, लघवीची पिशवी बघायच्या. रात्रभर मी माझ्याच गुडघ्याकडे बघत होते. मॅगसल्फने झटके टळतात हेही मॅगपाय नावाच्या ट्रायलमुळे पक्कं झालेलं, 2002 साल, 33 देश, दहा हजारांवर बायका, झटक्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोन, बारा बारा तासांनी चार इंजेक्शनं. तिसऱ्या दिवशी सिझर, 1 किलो 600 ची मुलगी, 19 दिवस पेटीत. आठव्यातलं जगत नाही म्हणतात ना, ती आता शाळेत जाते.

दुसऱ्या वेळी बाराव्या आठवड्यापासून रोज रात्री 150 मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन दिली. 2017 च्या ॲस्प्रे ट्रायलमध्ये जोखीम असलेल्या बायकांत 37 आठवड्यांआधीचा प्रीएक्लॅम्पसिया 4.3 वरून 1.6 टक्क्यांवर आला होता. मनाने सुरू करू नका, डॉक्टरांनीच ठरवायचं असतं. 36 व्याला बंद केली, 38 व्याला मुलगा झाला, बीपी शेवटपर्यंत 130 च्या वर गेलं नाही.

आता बहिणीला पाचवा लागलाय. तिची व्हिजिट झाली की मी फोनवर पहिलं हेच विचारते, बीपी किती आलं?